पाणी की हवा?

"कूलर घेतेय," असं फोनवर म्हटलं, तर आई म्हणाली, "अगं, आहे की हॉलमध्ये!" अकोल्यात कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा. मी प्रोसेसरच्या कूलरबद्दल बोलत होते.

लिक्विड की एअर, एवढाच प्रश्न होता. पुण्यातल्या माझ्या पहिल्या पीसीला २४० मिलीमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर होता. तिसऱ्या वर्षी एका रात्री त्याचा पंप बंद पडला. आवाज नाही, गळती नाही. पंखे फिरत होते, दिवे चमकत होते. कंपाइल का रेंगाळतंय म्हणून बघितलं, तर तापमान १०० अंशांच्या घरात. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून कसाबसा तग धरून होता. पंखा बिघडला की खडखडतो. पंप मुकाट्याने जातो.

नवा पीसी अकोल्यातच राहणार होता. मी पुण्याहून लॉगिन करणार, काही अडलं तर खोलणार बाबा. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रेडिएटर आणि कूलंट हे शब्द माझ्याआधी त्यांचे. त्यांनी विचारलं, "खोलीच ४५ अंशांवर असली, तर ते पाणी गार कुठून होणार?"

बरोबर होतं. लिक्विड असो वा एअर, उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडायची. पाणी ती फक्त लांबच्या, मोठ्या रेडिएटरपर्यंत नेतं. दोन-अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला त्याचा फायदा होतो. माझा ६५ वॅटच्या वर्गातला. शिवाय एअर कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपमध्येही थोडं पाणी असतंच. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, पत्र्यांपाशी तिचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते परत येतं.

"म्हणजे बिनपंपाचं," बाबा म्हणाले. एअर कूलर घेतला. महिन्यातून एकदा ते रंगाच्या ब्रशने धूळ झाडतात.

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्यातून बघितलं, तर काहीच काम नसलेला प्रोसेसर ४२ ऐवजी ५३ अंशांवर. पंख्याचा वेग ठीक होता. म्हणजे खोलीच तापली होती. मी फोन केला.

"हॉलमधल्या कूलरचा पंप जळलाय," आई म्हणाली. "दोन दिवस झाले. उगाच तुला कशाला सांगायचं?"