चौदावा दिवस

जानेवारीतली सकाळ, इंग्लंडमधला ऑक्सफर्ड कालवा. पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला. तरी मैत्रिणीला बोट हलवायचीच होती. भाडं परवडेना म्हणून ती नॅरोबोटीवर राहते, आणि बोटीला कायमची जागा नाही. १९९५च्या कायद्यानुसार अशा बोटीला एका ठिकाणी सलग १४ दिवसच थांबता येतं. सबळ कारण असेल तर जास्त. "एवढासा बर्फ म्हणजे कारण नव्हे गं," ती म्हणाली.

बोट जेमतेम सात फूट रुंद. इंजिन धडधडलं आणि समोरचा बर्फ भाजल्या पापडासारखा मोडत काठापर्यंत गेला. त्याच्या कडा इतरांच्या बोटींचा काळा लेप खरवडतात, म्हणून शेजाऱ्यांजवळून अगदीच हळू. तशीही वेगमर्यादा ताशी चार मैल. काठावर कुत्र्याला फिरवणाऱ्या आजी आरामात पुढे निघून गेल्या.

लॉकपाशी मी उतरले. लोखंडी हँडलनं झडपा उघडायच्या, पाणी एका पातळीला येईपर्यंत थांबायचं, मग दरवाजाच्या लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं. बोटं बधिर. इन्स्टावर यातलं काही दिसत नाही.

साडेचारला अंधारायला लागलं. तिनं खुंट ठोकून दोर बांधले, शेगडीत कोळसा घातला आणि फोनमध्ये पुढच्या चौदाव्या दिवसाची तारीख टाकली.