शिस्त

‘शिस्त’ या शब्दाने माझ्या पिढीला फार छळले आहे. शाळेत तो पट्टीच्या रूपाने हातावर बसला, कॉलेजात कवायतीच्या बुटांतून पायाला चावला आणि आता प्राध्यापकी करताना तो दर आठवड्याला परिपत्रक होऊन टेबलावर येऊन पडतो. या शब्दाविषयी प्रेम वाटावे असे माझ्या आयुष्यात फारसे काही घडले नव्हते. फारसीतून तो आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ हाताची घडी घालून गप्प बसणे असा नव्हता, हे मी वर्गात सांगत असे. शिस्त म्हणजे बंदुकीचा नेम. शिस्त धरणे म्हणजे नळीवरून नजर लावून लक्ष्य साधणे. पण कोशातले ज्ञान ते कोशातलेच! ते अंगी लागायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि त्याला कारण झाली आमची धाकटी.

लष्करी हिंदीत मात्र हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. एन.सी.सी.च्या पोरांना गोळीबाराचे तीन मंत्र पढवतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि ट्रिगरवर सही काबू. एका वर्षी आमच्या कॉलेजच्या पथकाबरोबर मी चांदमारीवर गेलो होतो. (मराठीच्या प्राध्यापकाला तास कमी असतात, असा एक समज सर्व कॉलेजांत रूढ आहे.) उत्तरेकडचा एक हवालदार ओरडला, “शिस्त लो!” पालथा पडून रायफल रोखलेला आमचा एक विद्यार्थी ते ऐकून दचकला आणि पडल्या पडल्याच त्याने दोन्ही टाचा जुळवल्या. हवालदाराला त्याचा अर्थ कळेना. मला कळला; पण तो समजावून सांगण्याची ती जागा नव्हती.

धाकटी नववीच्या सुट्टीत एका शिबिराला गेली आणि येताना एअर रायफलचे वेड घेऊन आली. आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा इथे केवढा जल्लोष झाला होता! पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अशा गावात मुलीला ‘नेमबाजी नको’ म्हणायला बापाजवळ सबळ कारण लागते. ते कारण तेव्हा नव्हते. ते यंदा आले. त्याचे नाव बारावी.

तर संध्याकाळी तिला स्कूटरवरून रेंजवर नेणे आणि दोन तास बाकावर बसणे हे माझे काम झाले. एके दिवशी तिथले प्रशिक्षक म्हणाले, “सर, नुसते बसून काय करता? धरून तरी बघा.” आणि त्यांनी रेंजवरची एक जुनी, सरावाची रायफल माझ्या हातात दिली.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की रायफल स्थिर राहत नाही. चित्रात नेमबाज पुतळ्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या नळीचे टोक सारखे हिंडत असते. श्वासाने वर-खाली होते, छातीच्या ठोक्यासरशी थरथरते. नवशिक्याला वाटते, हे हिंडणे थांबेल तेव्हा चाप ओढावा. ते थांबत नाही. मग एखाद्या क्षणी माशी नेमकी काळ्या वर्तुळाच्या मध्यावरून जाताना दिसली, की तो ‘हाच तो क्षण’ म्हणून चापाला हिसका देतो आणि गोळी सातात जाते. क्षण पकडायला जाणे हाच या कलेतला सर्वांत सार्वत्रिक रोग आहे. औषध एकच: हिंडणे मान्य करायचे, ते लहान लहान होत जाईल एवढे बघायचे, आणि बोटाचा दाब असा वाढवत न्यायचा की बार केव्हा झाला हे आपले आपल्यालाही आधी कळू नये.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या नजरेला माझा नमस्कार! साध्या रायफलीला मागे एक खाच असते, पुढे माशी आणि पलीकडे लक्ष्य. ही तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर, आणि माणसाचा डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहतो. मग पाहायचे काय? लक्ष्य, असे कोणीही म्हणेल, आणि ते चूक. पाहायची ती माशी. लक्ष्य पुसट झाले तरी त्याचा मध्य अदमासाने सापडतो. पण माशी खाचेत केसभर सरकली, तरी तो केस लक्ष्यापर्यंत पोचेतो बोटाएवढा होतो. ज्याच्यावर मारायचे ते अंधूक ठेवायचे आणि जे हाताजवळ आहे ते लख्ख पाहायचे, हे पचनी पडायला वेळ लागतो.

माझ्या बाबतीत आणखी एक अडचण निघाली. हाताजवळचे लख्ख दिसण्याचे माझे वय सरले आहे. आपल्या भाषेत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, ते उगाच नाही. लक्ष्य मला उत्तम दिसे, माशी मात्र धुक्यात. प्रशिक्षक हसले आणि त्यांनी मला स्पर्धेची रायफल दिली. तिला मागे खाचेऐवजी एक चकती असते आणि चकतीला बारीक भोक. पुढे माशीच्या जागी कडे. मुठीच्या फटीतून पाहिले की चष्म्यावाचूनही अक्षरे स्पष्ट होतात, त्यातलाच हा प्रकार. भोकातून पाहताच कडे स्वच्छ झाले आणि कड्यात दहा मीटरवरचे काळे वर्तुळ येऊन बसले. त्या वर्तुळाच्या मध्यावर दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. तो दिसत नाहीच. पोरे त्यावर साठ गोळ्या मारतात.

दुसरा रोग दचकण्याचा. एअर रायफलीचा धक्का तो काय! तरीही मन आवाजाच्या आधीच अंग चोरते. प्रशिक्षकांची यावर एक युक्ती आहे. न सांगता ते छर्रा न घालताच रायफल हातात देतात. एका भरदार मिशांच्या गृहस्थांना त्यांनी अशी रिकामी रायफल दिली. चाप दाबला, नुसता ‘टक्’ आवाज झाला आणि नळी चांगली वीतभर खाली गेली. गृहस्थ बराच वेळ नळीकडे बघत राहिले. म्हणूनच घरीही मुलांना कोरडा सराव सांगतात. आमच्या ओटीच्या भिंतीवर, कालनिर्णयशेजारी, एक काळा ठिपका चिकटवलेला आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून धाकटी रोज अर्धा तास त्याच्यासमोर उभी राहते. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर यायला बंदी.

पण मला सर्वांत पटलेली गोष्ट पायांची. रायफल खांद्याला लावून जागेवर आणायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडून पाहायचे. ती डावीकडे गेलेली दिसली तर हाताने उजवीकडे ओढायची नाही. ओढली तर चाप सुटताच ती आपल्या मूळ जागी, डावीकडेच, परत जाते. त्याऐवजी पाय किंचित सरकवायचे. सगळे अंग वळले पाहिजे, म्हणजे रायफल बिनतक्रार तिथे येते. वीस-बावीस वर्षे मी पोरांना हाताने ओढून मराठीकडे आणतो आहे. हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवले.

तसेच पुंजक्याचे. पाच गोळ्या एकाच ठिकाणी, समजा डाव्या बाजूच्या आठात, बसल्या तर नवशिका खट्टू होतो आणि प्रशिक्षक खूश. पुंजका जमला की स्क्रू दोन खटके फिरवला, काम झाले. पण एक दहात, एक सहात, एक वर, एक खाली अशी पाखरे उडाली असतील, तर कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू पिळत बसणारेही असतात. घरोघरी, चाचणी परीक्षेगणिक क्लास बदलणारे पालक असतात, तसे.

आता दारूगोळ्याविषयी. दिवाळीच्या दिवसांत हा शब्द अस्थानी नाही. एअर रायफलीला दारू लागत नाही; दाबलेली हवा साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. पण तो छर्राही नाजूक. डबी हातातून पडली की त्याची कड वाकते आणि मग नेम बरोबर असून गोळी रुसते. मोठी मुले पन्नास मीटरवर पॉइंट टू टूची रायफल चालवतात. तिच्या काडतुसाची गंमत अशी, की ठिणगीचा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याने ती कड चेपली की काडतूस कायमचे गेले, पुन्हा भरता येत नाही. म्हणून हे नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे आणून, रायफल शिकंज्यात आवळून, पुंजके मोजतात. एकाच नावाच्या दोन घाण्या एकाच नळीला सारख्या मानवत नाहीत. सोयरीक जुळवण्यासारखेच हे काम.

मोठ्या रायफलीची काडतुसे मात्र पुन्हा भरता येतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून या वाटेला जाता येत नाही. पण टेक्सासमधला माझा एक कॉलेजमित्र रविवारी हाच उद्योग करतो. रिकामे पितळी टोपण साफ करायचे, जुनी टिकली काढून नवी बसवायची, दारू तोलायची, वर गोळी दाबायची. तराजू गुंजेच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंतचा. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा, दूरचित्रवाणी बंद, कोणाशी बोलणे नाही. तोलण्यात चूक झाली तर दुप्पट दारू पडते, आणि तिचा परिणाम सांगायला नको. पण तो म्हणाला, “त्याहून भीती वाटते ती दारू घालायचीच राहून गेली तर.” मग नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी निघते आणि नळीतच अडकते. आवाज होतो तो बारीक, केविलवाणा. चालवणाऱ्याला वाटते, काही नाही, पुढची मारू. पुढची त्या अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फाटते. म्हणून आवाज हलका आला की थांबायचे, रायफल रिकामी करायची आणि नळी पार आरपार बघायची. आपण ज्याला हसून ‘फुसका बार’ म्हणतो, त्याला तिकडे कोणी हसत नाही. मुळीच आवाज झाला नाही, तरीही नळी समोरच रोखून अर्धा मिनिट थांबायचे. काडतूस उशिरानेही पेटते.

आणि इतके सगळे सांभाळूनही माणूस भलत्याच लक्ष्यावर मारू शकतो. २००४ साली अथेन्सला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपर्यंत पुढे होता. सुवर्णपदक हातात आल्यासारखेच. त्याने शांतपणे शेवटची गोळी मारली, ती शेजाऱ्याच्या लक्ष्यावर! गुण शून्य, क्रमांक आठवा. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा तोच पुढे, पुन्हा शेवटची गोळी, आणि नेम लागायच्या आधीच चाप सुटून ४.४. ही हकीकत मी घरी जेवताना सांगितली तेव्हा सौ. म्हणाली, “बघा! आणि तुम्ही पोरीला बारावीच्या वर्षात यात ढकलता.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. राज्य स्पर्धा नेमकी पूर्वपरीक्षेच्या तोंडावर आली होती. ती पार केली तर पुढे मावळंकर स्पर्धा. पहिल्या लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर हेच १९५१ साली निघालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष; सभागृहात एक शिस्त आणि बाहेर दुसरी, असा दुहेरी संसार त्यांनी केला. हे मी सौ.ला सांगून पाहिले. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. धाकटी गप्प होती. रात्री ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला समजावू नका. मी नाही गेले तर अभ्यास करीन; पण रोज भिंतीकडे बघत करीन. गेले तर परत येऊन करीन. एवढेच तिला सांगा.” मी तेवढेच सांगितले. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला. तिसऱ्या दिवशी सौ.ने विचारले, “अहो, गाडी किती वाजताची आहे?”

स्पर्धेच्या ठिकाणी आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. सौ.च्या पिशवीत चिवडा होता आणि रसायनशास्त्राचे पुस्तक. ते जाड, ताठ कोट आणि सपाट बूट घालून मुले बदकांसारखी चालत आपापल्या जागी गेली. पहिल्या दहा गोळ्यांत धाकटीचे तीन नऊ झाले. तेराव्या गोळीला आठ. तिने रायफल स्टँडवर ठेवली आणि ती चक्क खुर्चीवर बसली. शेजारची मुले मारत होती, घड्याळ चालले होते.

“अहो, ती बसली का अशी?” सौ.ने माझे मनगट धरून विचारले.

“वेळ आहे,” मी म्हणालो.

धाकटी घोटभर पाणी प्यायली. उठली, रायफल खांद्याला लावली आणि डोळे मिटले. उघडले. रायफल खाली घेऊन तिने मागचा पाय बोटभर सरकवला, पुन्हा डोळे मिटून पाहिले आणि मग डबीतून एक छर्रा उचलला. घड्याळात एक्केचाळीस मिनिटे उरली होती.