तीनशे सत्तर रुपये

१९८९ साली माझ्या परीक्षेची फी एका परदेशी मुलानं भरली. तीनशे सत्तर रुपये. तो सावकार आजही जिवंत आहे, पण मुद्दलही घेत नाही आणि व्याजही घेत नाही.

आम्ही इंदापूर तालुक्यातले. अब्बा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. १८८५च्या सुमारास दुष्काळी मुलखासाठी काढलेला तो कालवा बारामतीकडून आमच्या बाजूला येतो. कुणाच्या दाराला किती तास पाणी, यावर रात्री-अपरात्री होणारी भांडणं अब्बा सोडवायचे. घरात वाचायला कुराण, पंचांगवजा कॅलेंडर आणि पाळीपत्रक, एवढंच. त्यातून मी पुण्याला बीएस्सीला गेलो आणि पहिल्याच वर्षी गणितात आपटलो.

कॅम्पात आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. शेजारच्या खोलीत दोन सोमाली मुलं होती. त्या काळी पुण्यात सोमाली, सुदानी, इराणी मुलं बरीच असायची. इथली फी परवडायची आणि शिकवणं इंग्रजीतून चालायचं. त्यांच्यातला थोरला एमएस्सी करत होता. त्याचं नाव इथं लिहिलेलं त्याला चालणार नाही. आम्ही त्याला भाईजान म्हणायचो, तेच लिहितो. गाव बोरामा, सोमालियाच्या उत्तरेला. घरमालक त्याच्या पाठीमागं त्याला ‘हबशी’ म्हणायचा. एकदा भाईजाननं ते ऐकलं आणि शांतपणे विचारलं, ‘मलिक अंबर माहीत आहे का तुम्हाला?’ मला नावापलीकडं काही माहीत नव्हतं. ज्याच्या इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि चांदशावली बाबांचा दर्गा आहे, त्या मला हे शिकवायला आफ्रिकेतून माणूस यावा लागला. निजामशाही सांभाळणारा, औरंगाबादला नहर आणणारा मलिक अंबर मूळचा हबशाणातला, म्हणजे भाईजानच्या शेजारचाच.

रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर तो मला कॅल्क्युलस शिकवायचा. चुकलेलं गणित खोडू द्यायचा नाही. म्हणायचा, ‘राहू दे. चूक कुठं झाली ते उद्या दिसलं पाहिजे.’ लहानपणी तो लाकडी फळीवर कुराण शिकला होता. कोळशाची शाई, बोरूनं लिहायचं, पाठ झालं की फळी धुवायची. अरबीतल्या ज्या स्वरखुणांना आपण जबर, जेर, पेश म्हणतो, त्यांची नावं सोमाली पोरं आपल्याच भाषेत घोकतात. शेख यूसुफ अल-कौनैन नावाच्या जुन्या संतानं ती सोय करून ठेवली, असं तो अभिमानानं सांगायचा. पण त्यांची भाषा सरकारदरबारी लिहायला लागली ती १९७२मध्ये. त्याची थोरली बहीण शाळकरी होती. पुढं शहरातल्या हजारो विद्यार्थ्यांना सरकारनं गावोगाव अक्षरं शिकवायला धाडलं, तेव्हा उंटवाल्यांच्या वस्तीवर ती स्वतःच्या दुप्पट वयाच्या बायाबापड्यांना शिकवत होती. भाईजान शिकवायला बसला की मला वाटायचं, हे घरातूनच आलंय.

१९९०च्या मे महिन्यात तो आमच्याकडं आला. अम्मानं पुलाव केला आणि यानं ताटात केळं सोलून भातात कुस्करलं. अम्मा बघतच राहिली. मग तिनं केळ्यांचा घडच पुढं ठेवला. त्यांच्याकडं भाताबरोबर केळं लागतंच म्हणे.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या अंगणात त्यानं अब्बांना विचारलं, ‘चाचा, किब्ला बरोबर आहे का हो?’ माझ्या पोटात गोळा आला. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, आमच्याकडं मावळत, विषय संपला. पण अब्बांना मोजमापाची खोड. त्यांनी गवंड्याकडून ओळंबा आणला. २८ मेला मक्केत दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात तेव्हा २ वाजून ४८ मिनिटं होतात. त्या क्षणी सूर्य जिकडं दिसेल तिकडं मक्का. दुपारच्या बातम्यांच्या ठोक्यावर घड्याळ लावलं, काठी ओळंब्यात उभी केली. ठरल्या मिनिटाला सावलीच्या टोकावर खडूची खूण केली आणि तिथून काठीपर्यंत रेघ ओढली. सावली पूर्वेकडं, जरा दक्षिणेला कललेली. टोकावर उभं राहून काठीकडं तोंड केलं की किब्ला. मशिदीची भिंत नेमकी पश्चिमेला, आणि रेघ तिच्यापासून अकरा-बारा अंश उत्तरेकडं.

भोवती वीसेक माणसं जमली होती. कुणी बोलेना. पेशइमाम म्हातारे होते. त्यांनी खाली वाकून रेघ पाहिली आणि म्हणाले, ‘बेटा, आपल्यावर दिशा फर्ज आहे, रेघ नाही. पण रेघ छान काढलीस.’ नमाजाची सफ तिथंच राहिली. खडूची रेघ मात्र पहिल्या पावसापर्यंत कुणी पुसली नाही. रात्री अंगणात बाजेवर पडून भाईजान अल्-बिरूनीबद्दल सांगत होता. गझनीचा किब्ला काढायचा म्हणून त्या माणसानं गावांचे अक्षांश-रेखांश मोजत अख्खा ग्रंथ लिहिला. नमाज पढायची म्हणून भूमिती शिकायची, असा रस्ता असतो हे मला त्या रात्री कळलं. तोवर मी वर्गात एक आणि जुम्म्याला दुसरं, अशी दोन डोकी वागवत होतो.

जानेवारी १९९१मध्ये त्याच्या देशातलं, मोगादिशूचं सरकार पडलं आणि त्याचे पैसे बंद झाले. अब्बा महिन्याला ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. मी म्हणालो, फी फिटली. तो म्हणाला, ‘ज्वारी चाचांनी दिली, त्यांचा हिशेब वेगळा. तुझे पैसे तू दुसऱ्या कुणावर खर्च कर.’

नैरोबीमार्गे तो लंडनला गेला. तिथं शनिवारी सोमाली पोरांना गणित शिकवू लागला. तिकडं त्याच्या देशात शाळांना ना छप्पर उरलं होतं ना पगार. परदेशी पांगलेले लोक दर महिन्याला पैसे धाडायचे आणि ते हवाल्यानं पोचायचे. हवाला म्हटलं की आपल्याला छापा आठवतो. तिथं त्यातून मास्तरांचे पगार झाले. १९९८मध्ये बोराम्याजवळ त्याच्याच जुन्या शाळेच्या इमारतीत अमूद विद्यापीठ सुरू झालं. त्याला पांगलेल्यांनी पैसा दिला, पुस्तकं दिली. भाईजाननं दोन खोकी भरून पाठवली. त्यात माझ्या खोडाखोडीची एक वही चुकून गेली, असं तो सांगतो. मला ते खरं वाटत नाही.

मी बारामतीत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. दर वर्षी कुणा ना कुणाची फी भरली. त्याचा आकडा सांगत नाही, कारण तो अजून तीनशे सत्तरच्या पुढं गेल्यासारखा वाटत नाही. शाळेत सावलीचा प्रयोग मात्र सालोसाल अडायचा. २८ मेला शाळेला सुट्टी. दुसरी संधी १६ जुलैला, २ वाजून ५७ मिनिटांनी, तेव्हा आभाळ. आमचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस फारसा पडत नाही, पण ढग तेवढे नेमके त्या दिवशी यायचे. नोकरीच्या इतक्या वर्षांत पोरांना सावली चारदाच दाखवता आली.

मेमध्ये मी घरीच करतो. ओळंबा आता माझ्याकडं आहे, गवंड्यानं तो कधी परत मागितला नाही. सावलीवर खूण केली की फोन वाजतो. भाईजानचा संदेश, नुसता आकडा : १०:१८. लंडनमध्ये तेव्हा सकाळ असते. मी उलट पाठवतो : २:४८.

गेल्या वर्षी त्यानं पुढं एक ओळ लिहिली होती. ऊन आहे का, विचारत होता. त्याच्याकडं पाऊस होता.