महेश्वरच्या घाटावर एक उडी

इंदूरच्या मराठी घरांना महेश्वर काही नवीन नाही. पाहुणे आले की एक दिवस राजवाडा आणि सराफा, दुसऱ्या दिवशी महेश्वर, हा ठरलेला कार्यक्रम. होळीच्या आधीच्या रविवारी आम्हीही निघालो. बायको, आठ वर्षांची लेक, बाबा आणि मी. पोहे-जलेबी खाऊन महू मागे टाकलं, जाम गेटपाशी थांबून खाली पसरलेला निमाड पाहिला आणि मंडलेश्वरवरून महेश्वर गाठलं. सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता.

किल्ला, अहिल्याबाईंचा वाडा, मागावर विणल्या जाणाऱ्या साड्या हे सगळं झालं. पण माझं लक्ष घाटाकडे होतं. तिथली मुलं नर्मदेत उड्या मारतात, आणि मला त्यांचा हवेतला फोटो हवा होता. आठवडाभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला असा एखादा नाद लागतोच.

या नादाचं गणित साधं आहे. तीन मीटरवरून उडी मारणारा मुलगा पाऊण सेकंदात पाण्यात पोचतो. पाण्याला टेकताना त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो १३ सेंटीमीटर खाली सरकतो आणि फोटोत नुसता पट्टा उमटतो. हजाराव्या भागात तो एक सेंटीमीटरही हलत नाही. मग बोटं, केस, पाण्याचे थेंब, सगळं जागच्या जागी थांबतं.

डोळ्यांना न दिसणारं हे थांबवण्याची ओढ जुनी आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी १२ कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याचे फोटो काढले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे त्यातून दिसलं. पुढे फिलिप हाल्समन या छायाचित्रकाराने मोठमोठ्या लोकांना चक्क उड्या मारायला लावल्या आणि १९५९ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक काढलं. उडी मारताना माणसाचं लक्ष उडीकडे असतं, त्यामुळे चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

घाटावर चार-पाच मुलं होती. मी कॅमेरा काढताच ती सरसावली. पहिल्या उडीला माझं बोट उशिरा पडलं; फोटोत फक्त उसळलेलं पाणी. दुसऱ्या वेळी डोकं कापलं गेलं. तिसऱ्यांदा जमलं. मुलं धावत आली, पडद्यावर स्वतःला पाहून खूश झाली. त्यातला दहा-अकरा वर्षांचा एकजण म्हणाला, "भैया, उधर ऊपर से कूदूँ? और अच्छा आएगा." बोट होतं पाण्यात शिरलेल्या उंच ओट्याकडे. माझ्या तोंडून नकळत गेलं, "हाँ, जा."

तो पायऱ्या चढू लागला. खाली पाण्यात बुडालेल्या पायऱ्या मला दिसत होत्या, पण त्या कुठे संपतात ते दिसत नव्हतं. वर ओंकारेश्वरचं धरण आहे. पाणी सोडलं की इथली पातळी बदलते. काल जिथे खोल होतं, तिथे आज दगड असू शकतो. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी फोकस लावत होतो.

बाबा मागे बसले होते. शांतपणे म्हणाले, "तू कॅमेरा खाली घे, मग तोही खाली येईल."

मी कॅमेरा खाली घेतला, हात हलवून त्याला बोलावलं. तो हिरमुसला. बाबांनी त्याला विचारलं, "इथल्या इथे, खालच्या पायरीवरून मारतोस का उडी?" बाबा मराठीत बोलले, पण त्याला कळलं. मग मी घाटाच्या कडेला, ओल्या दगडावर आडवा झालो आणि कॅमेरा पाण्याच्या जवळ नेला. समोर पश्चिमेला सूर्य टेकत आला होता. मुलाला सांगितलं, पुढे नको, आधी वर उडी मार आणि गुडघे पोटाशी घे.

वर जाणारा माणूस शेवटी क्षणभर थबकतो. त्या टोकाच्या आगेमागे सेकंदाच्या पाचव्या भागात तो जेमतेम पाच सेंटीमीटर हलतो. तेवढ्यात शटर दाबलं.

फोटोत काळा आकार, त्याच्यामागे केशरी आकाश, पायांखाली नदीची बारीक रेघ. तो दोन माणसं उंच उडालाय असं वाटतं. प्रत्यक्षात पायरी पाण्यापासून हातभरच वर होती. उंची त्याने नव्हे, मी खाली झोपून मिळवली होती.

परतताना लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लहानपणी मारायचात उड्या?"

"मारायचो ना. पण तेव्हा कुणी बघायला नसायचं," बाबा म्हणाले. "म्हणून झेपेल तेवढीच मारायचो."

तुम्ही महेश्वरला जाल तेव्हा कॅमेरा किंवा मोबाईल जरूर न्या. एकामागोमाग फोटो घेण्याची सोय चालू ठेवा, सूर्य समोर घ्या आणि कपडे ओले होतील याची तयारी ठेवा. कुणी अजून उंचावरून उडी मारू का असं विचारलं, तर आपणच एक पायरी खाली उतरा.