घाईची म्हातारी

या, ओळख करून देतो. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनची ही कारकीर्द. बसा निवांत, फक्त तिच्या उजव्या हाताच्या टप्प्यात नको.

जन्मापासून हिला घाई. 1968 मध्ये मेक्सिकोत ऑलिंपिक सुवर्ण, पुढच्याच वर्षी व्यावसायिक रिंगणात. समोरचा माणूस उभा आहे, याचाच हिला वैताग. 22 जानेवारी 1973 ला किंग्स्टनमध्ये जगज्जेता जो फ्रेझर समोर आला. तोवर एकदाही न हरलेला गडी. हिने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा आडवा केला. पुढे टोकियोत एकच फेरी, काराकासला केन नॉर्टनसाठी दोन. प्रेक्षक खुर्चीत नीट टेकेपर्यंत बाईसाहेबांचं आवरलेलं असे.

तेव्हा हसणं वगैरे माहीत नव्हतं. महंमद अलीशी लढायला किन्शासाला गेली ती अल्सेशियन कुत्रा बरोबर घेऊन. तिथल्या लोकांना बेल्जियन अमदानीतले पोलिसी कुत्रे आठवले आणि अख्खं गाव अलीच्या बाजूला गेलं. 30 ऑक्टोबर 1974 ला अली दोरांना टेकून मार खात राहिला. हिची घाई त्याला पुरती ठाऊक होती. आठव्या फेरीत ही दमली, आणि पडली.

पडल्यावरची कारणं ऐकण्यासारखी होती. दोर सैल होते, आकडे भरभर मोजले, पाण्यात काहीतरी घातलं होतं! राग इतका, की पुढच्या वर्षी टोरांटोत एकाच दिवशी पाच जणांशी लढली. अली रिंगणाशेजारी बसून खिजवत होता, ते वेगळंच.

1977 मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरली. ड्रेसिंग रूममध्ये जॉर्जला देव भेटला, तो धर्मोपदेशक झाला आणि ही दहा वर्षं रुसून बसली.

1987 मध्ये परत आली ती ओळखू येईना. फ्रेझरला पाडताना वजन शंभर किलोच्या आत होतं, आता एकशेवीसच्या पुढे. डोकं तुळतुळीत, तोंडावर हसू, आणि चीझबर्गरवरचे विनोद स्वतःच सांगायची. लोकांनी थट्टा केली. ही मात्र दोन फेऱ्यांमध्ये स्टूलवरसुद्धा टेकत नव्हती. दमलेलं दाखवायचं नाही, ही जुनी मिजास तेवढी शाबूत होती.

5 नोव्हेंबर 1994, लास वेगास. जगज्जेता मायकेल मूरर सव्वीसचा, जॉर्ज पंचेचाळीसचा. अंगात किन्शासाचीच लाल चड्डी. माणूस जुनी उधारी जपून ठेवतो तशी ठेवलेली. नऊ फेऱ्या मूरर हिला बडवत होता आणि तिन्ही पंचांच्या कागदावर पुढे होता. ही डोळे बारीक करून मार खात उभी. दहाव्या फेरीत एक डावा, मागोमाग आखूड उजवा, थेट हनुवटीवर. लांबून पाहिलं तर माणसाने दार लोटावं, इतकाच हात हलला. मूरर पाठीवर. जॉर्ज कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. दोन फेऱ्यांत कंटाळणारी बाई दहा फेऱ्या थांबायला शिकली होती. शिकवणी अलीची, फी वीस वर्षांनी वसूल.

एक दुखणं मात्र आहे. हिला सवत मिळाली, तीही स्वयंपाकघरातली. जॉर्जच्या नावाचं ते मांस भाजायचं ग्रिल इतकं खपलं, की 1999 मध्ये नाव वापरायच्या हक्कांचेच तेरा कोटींहून जास्त डॉलर आले. हिने जन्मभर ठोसे मारून एवढं आणलं नव्हतं. 76 विजय, त्यांतले 68 नॉकआउट, पराभव अवघे पाच, हे आकडे ती तेव्हापासून जरा मोठ्यानेच सांगते.

1997 मध्ये शॅनन ब्रिग्जविरुद्धचा निकाल पंचांनी विरोधात दिला आणि ही घरी बसली. तरी 2004 मध्ये, जॉर्ज पंचावन्नचा झालेला असताना, तिने पुन्हा दार वाजवलंच. जॉर्ज सरावालाही लागला होता. पण दार उघडायला आली त्याची बायको.