शेवटच्या बंदरावरचा दिवस

समुद्रसफरीतील शेवटचे बंदर हे ज्येष्ठांच्या प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक ठिकाण, असे माझे मत झाले आहे. पहिल्या दिवशी आपण सावध असतो. चार दिवसांनंतर झोप अपुरी झालेली असते, सूप-सॉस-लोणच्यांतले मीठ अंगात साचलेले असते. आणि मनात मात्र ‘पुन्हा कशाला येतोय इथे!’ ही घाई.

सिंगापूरहून निघालेल्या आमच्या सफरीत हे बंदर पेनांग होते. त्यानंतर एक दिवस समुद्रावर आणि मग परत सिंगापूर. सोबत एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यांचे हृदय थोडे दुबळे असल्याने रोज सकाळी लघवीची गोळी असते. पेनांगच्या सकाळी त्यांच्या चपलेचा पट्टा लागेना. घोट्यावर बोट दाबले, तर खळगा तसाच राहिला.

“काल नाही घेतली गं ती गोळी,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या होडीत मी कुठे जाणार होते?”

आदल्या दिवशी फुकेतला जहाज धक्क्याला लागले नव्हते. लहान बोटीतून किनाऱ्यावर जावे लागले होते. वाचकहो, लग्नाला, एसटीच्या प्रवासाला, अष्टविनायकाला जाताना ही गोळी चुकवणारी माणसे माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. कारण एकच, स्वच्छतागृहाची धास्ती. हा हट्ट नसून संकोच असतो; म्हणून रागावून काही साधत नाही. कृपया त्यांना आधी विचारा, तेही चारचौघांत नव्हे.

मी त्यांची छाती तपासली. श्वास मोकळा होता, रात्री एकाच उशीवर झोप लागली होती. तसे नसते, म्हणजे आडवे झाल्यावर दम लागला असता किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले असते, तर मी बंदर विसरून जहाजावरच्या डॉक्टरांकडे गेले असते. ‘घरी गेल्यावर दाखवू’ हे वाक्य अशा वेळी फार धोक्याचे असते.

सासूबाईंनी सात वाजता नेहमीची एक गोळी घेतली. कालची भर घालण्यासाठी दोन नव्हेत. या गोळीचा जोर साधारणपणे पहिल्या दोन-तीन तासांत असतो. तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा, की बाहेर जायच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येईल का. बहुधा करता येते. गोळी गाळणे मात्र नको.

घरची तरुण मंडळी सकाळीच केक लोक सी मंदिराच्या पायऱ्या चढायला गेली. “तूही जा गं, मी बसते इथे,” असे सासूबाईंनी तीनदा सांगितले. अकराच्या सुमारास आम्ही दोघी उतरलो. चार दिवस डुलणाऱ्या जमिनीवर चाललेल्या पावलांना स्थिर जमीनच हलल्यासारखी वाटते. उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. तोल जाऊन पडण्याची भीती या पहिल्या काही मिनिटांत अधिक असते.

पेनांगचा धक्का जॉर्जटाउन शहराला लागूनच आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या 60 वर्षांसाठी बांधलेला 60 फुटी घड्याळमनोरा समोरच दिसतो. तो पाहून तीनचाकी सायकलरिक्षाने 1833 सालच्या महामारियम्मन मंदिराकडे गेलो. बाहेर हारांचा वास येत होता. सासूबाईंनी चपला काढल्या, पट्टा अजून सैलच ठेवलेला होता, आणि देवीपुढे बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. दीड तासात परत. त्या दिवसाबद्दल आजही त्या याहून जास्त काही पाहिल्यासारखे बोलतात.

एक गोष्ट राहिली. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या थेट बंदरावरच मिळतात. औषधे, चष्मा, श्रवणयंत्र हातातल्या पिशवीत काढून ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधील आजोबांची कवळी मोठ्या बॅगेतून पुढे गेली होती. सकाळच्या न्याहारीला ते टोस्ट चहात बुडवून खात होते, आणि आजी त्यांच्याकडे न बघता बॅगेच्या कुलपाची किल्ली शोधत होत्या.