हात डोक्यावर ठेवला की

उजवा हात खाली सोडला की मानेतून कळ निघायची, खांद्यामागून दंडात उतरायची आणि थेट मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जायची. हात डोक्यावर ठेवला की कळ निम्मी व्हायची. रात्रीच्या रात्री मी तशाच काढल्या. आडवं होता येईना, म्हणून सासूबाईंनी आरामखुर्चीत उशा रचून दिल्या. सकाळी कणीकही त्याच मळत.

हे सुरू होण्याआधी मान बरेच दिवस आखडलेली होती, बोटाला अधूनमधून मुंग्या यायच्या. ऑफिसातल्या मैत्रिणीची कंबर कायरोप्रॅक्टरकडे जाऊन मोकळी झाली होती, म्हणून मीही गेले. फॉर्मवर नाव, वय, बीपी, शुगर एवढंच होतं. हातात मुंग्या येतात का, हे कुणी विचारलं नाही. मान दोन्ही हातांत धरून त्यांनी हळूहळू वळवली आणि शेवटी एक झटका दिला. कडकड आवाज झाला. हा आवाज हाडांचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. त्यामुळे आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं, असं मुळीच नाही.

संध्याकाळपासून ठणका सुरू झाला. फोन केला तर उत्तर मिळालं, "बॉडी ॲडजस्ट होतेय मॅडम, एक-दोन दिवस दुखणारच." अशा उपचारानंतर एक-दोन दिवस अंग आंबतं, हे खरंच आहे. पण माझं दुखणं उतरण्याऐवजी हातात सरकत चाललं होतं. एका सकाळी वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला हात वर नेला, तर कोपर सरळच होईना. जोरच नव्हता. क्लिनिकचं म्हणणं, आणखी एक सेशन घ्या. नवऱ्याने त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी कोपराच्या मागे हातोडीने ठोकलं. डावा हात उडाला, उजवा ढिम्म. एमआरआयमध्ये मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबत असल्याचं दिसलं. हात डोक्यावर ठेवला की त्या नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून मला बरं वाटत होतं. गादी झटक्यानेच सरकली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, आधीपासून झिजलेली असू शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण हातात मुंग्या असताना तपासणीशिवाय मानेला झटका द्यायला नको होता, हे त्यांचं ठाम मत.

मग त्यांनी जे विचारलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. चक्कर येते? एकाचं दोन दिसतं? बोलताना जीभ अडखळते? चालताना तोल जातो? मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मानेला झटका दिल्यानंतर क्वचित त्यांचं अस्तर फाटतं आणि पक्षाघात होऊ शकतो. यातलं काहीही झालं, किंवा मानेत-डोक्यात पूर्वी कधी न झालेलं जबर दुखू लागलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, तडक इस्पितळ गाठायचं. कंबरेच्या उपचारानंतर लघवी अडली किंवा जांघांमधला भाग बधिर झाला, तरीही तेच.

हे मला झटक्याआधी सांगायला हवं होतं. डॅनियल डेव्हिड पामर यांनी अमेरिकेत १८९५ साली कायरोप्रॅक्टिक ही पद्धत सुरू केली. सव्वाशे वर्षांच्या उपचाराला धोक्याच्या खुणा ठाऊक नाहीत, असं कसं म्हणायचं? अनेकांना याने आराम पडतो, मैत्रिणीला पडलाच. पण "दुखणारच" म्हणताना कोणतं दुखणं साधं आणि कोणतं नाही, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

ऑपरेशन टळलं. नसेच्या दुखण्याच्या गोळ्यांनी दिवसभर गरगरायचं, पण झोप लागू लागली. मग फिजिओथेरपी. कोपरात ताकद परत आली, बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे.

मध्यंतरी एमआरआयचा रिपोर्ट आणि या सगळ्या खुणा लिहिलेला एक कागद त्या क्लिनिकमध्ये नेऊन दिला. फॉर्ममध्ये आता मुंग्यांचा प्रश्न आला आहे. धमनीबद्दलची ओळ मात्र घातलेली नाही. पेशंट घाबरतात, म्हणे. त्या ओळीसाठी मी पुन्हा जाणार आहे.